आई, जरा थांबा

राणीसावरगाव,
८ सप्टेंबर

तीर्थस्वरूप आत्यास,
वैष्णवीचा सा. न. वि. वि. मामांनाही तेवढाच. दोघांत भांडू नका, वाटून घ्या.

पत्र बघून दचकू नकोस, इथं सगळे खुशाल आहेत. फोन हातात असताना ही पोरगी पत्र कशाला लिहायलीय, असं तू मामांना विचारशीलच. आमचं घर तू पाहिलंयस. चुलीपाशी हळू बोललं तरी गोठ्यात ऐकू जातं, आणि मला जे सांगायचंय ते सासूबाईंबद्दलच आहे. म्हणून पत्र.

तुला माहीत आहे, मला गावातल्या बचतगटांच्या बैठका चालवायचं काम मिळालं. परभणीला आमची शिकवणी झाली. शिकवणाऱ्या संघप्रियाताई फार गोड. त्यांनी सांगितलं की बैठक चालवणारी बाई मऊ पाहिजे आणि ठामही पाहिजे. तिनं बोलतं करावं आणि गप्पही बसावं. ती सगळ्यांची असावी, पण कुणा एकीची नसावी. मी हात वर करून विचारलं, ताई, हे सगळं एकाच बाईनं करायचं की दोघी नेमायच्या? सगळ्या हसल्या. ताईही हसल्या, पण उत्तर काही दिलं नाही. तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं.

पहिलीच बैठक घेतली ती मोठ्या विषयावर. दिवाळी झाली की आमच्या गल्लीतली निम्मी घरं ऊसतोडीला जातात. लेकरं एक तर आईबापासंगं फडावर जातात आणि त्यांची शाळा बुडते, नाही तर म्हाताऱ्या आजीपाशी राहतात. मला वाटतं, समाजमंदिरामागच्या खोलीत सगळ्या लेकरांना एकत्र ठेवावं, स्वयंपाक गावातल्या बायकांनी पाळीपाळीनं करावा. शेजारच्या पार्वतीबाईची निकिता सातवीत आहे. लय हुशार. गेल्या साली ती आणि तिचा धाकटा भाऊ आजीपाशी, बायनाबाईंपाशी राहिले, तर निकिताचीच शाळा अर्धीअधिक बुडाली. अवंदा पार्वतीबाई म्हणते, दोघांना संगंच नेते. एकदा फडावर गेलेली सातवीतली पोरगी परत शाळेत येत नाही, आत्या. मी बघितलंय.

तर बैठक. समाजमंदिर भरलेलं. मी मऊ व्हायचं ठरवलं होतं. सगळ्यांना चहा दिला, हसून म्हटलं, बोला, मोकळ्या मनानं बोला. आणि सासूबाई बोलल्या. त्यांच्या लग्नापासून सुरुवात झाली. मग लेकरं आज्ज्यांपाशीच कशी वाढतात, आजवर काय बिघडलं, बायना सांभाळंल की, तिला काय काम हाय. बायनाबाई कोपऱ्यात मान खाली घालून बसलेल्या. दुसऱ्या कुणी तोंड उघडलं की सासूबाई म्हणायच्या, थांब, मी तीच सांगायलेय. मी आपली मऊ. गाडी कुठून कशी वळली देव जाणे, शेवटी दसऱ्याला सगळ्यांनी एका रंगाच्या साड्या घ्याव्यात असं ठरलं. लेकरांचं काहीच ठरलं नाही. रंग मोरपंखी आहे.

घरी आल्यावर सासूबाई महारुद्रांना म्हणाल्या, काय रंगली बैठक! तुज्या बायकोला जमायलंय काम.

आता मी काय करू? तू एवढी वर्षं एसटीत कंडक्टर होतीस, गर्दी तुला नवी नाही. घरी ज्यांच्या हातची भाकरी खायची त्यांना चारचौघींत गप्प कसं करायचं, तेवढं सांग. उत्तर माझ्या नावानं पाठव, पण पाकिटावर अक्षर मामांचं असू दे.

तुझा लोभ आहे म्हणूनच हे गाऱ्हाणं. तो कमी होऊ देऊ नकोस.

तुझी,
वैष्णवी

०

पाथरी,
१५ सप्टेंबर

चि. सौ. वैष्णवीस,
आत्याचे भरभरून आशीर्वाद. त्यातले थोडे तुझ्या सासूबाईंनाही दे, पण का ते सांगू नकोस.

पत्र मिळालं. तुझ्या मामांना वाचून दाखवलं. मोरपंखी रंगापाशी त्यांना असा ठसका लागला की पाणी द्यावं लागलं. इकडं सगळं ठीक. परवा पोखर्णीला नरसिंहाच्या पाया पडून आलो. येताना जीपमध्ये तुझ्या मामांनी ड्रायव्हरला गाडी कशी चालवायची ते सगळ्या वाटेनं सांगितलं. तेव्हा असली माणसं तुझ्याच घरात आहेत असं समजू नकोस.

आता कामाचं. तू फारच गोड वागलीस गं. गोडपणा चांगला, पण गर्दीत नाही. मानवतच्या बाजाराला आमची गाडी भरायची तेव्हा दारात उभं राहून मी, बाई, कृपा करून आत सरका, असं म्हणत बसले असते तर गाडी अजून पाथरीच्या स्टँडवरच असती. एकदा दोघी बायका खिडकीच्या जागेसाठी झोंबाझोंबीला आल्या. मी दोघींना उठवलं आणि तिथं एका म्हाताऱ्या बाबांना बसवलं. दोघी मुकाट उभ्या राहिल्या, आणि उतरताना एकमेकींना घरी ये म्हणाल्या.

तर तू जराशी कडक हो. नियम सांग. एका वेळी एकीनंच बोलायचं, दुसरीनं मध्ये पडायचं नाही. हाताशी काहीतरी वाजवायला ठेव. घंटी वाजली की भले भले गप्प होतात, हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? सासूबाईंनाही तोच नियम लाव. बैठकीत त्या सासू नाहीत आणि तू सून नाहीस. घरी आल्यावर पुन्हा सून हो आणि त्यांना गरम गरम वाढ.

निकिताची फिकीर मलाही लागलीय. तिच्याबद्दल अजून लिही.

माया आहेच. पत्र लिहीत राहिलीस तर तिला पाणी मिळत राहील.

तुझी आत्या,
विजयमाला

०

राणीसावरगाव,
२९ सप्टेंबर

ती. आत्यास,
वैष्णवीचा सा. न. वि. वि. या वेळी नमस्कार जरा रागातला आहे. तरी घे.

तुझं ऐकलं आणि कडक झाले. ऐक आता काय झालं ते.

वाजवायला काहीतरी ठेव म्हणालीस. ऐन वेळी घरात दुसरं काही सापडेना, म्हणून मी देवघरातली घंटा उचलली. बैठकीला खुर्ची मागवून घेतली, वर बसले आणि नियम सांगितले. सासूबाईंनी तोंड उघडलं, घंटा. दुसरी एक मध्ये बोलली, घंटा. कुणीतरी शेजारणीला तंबाखू मागितली, तिलाही घंटा. समाजमंदिर असं शांत झालं की बाहेर शेळी ओरडली तरी सगळ्या माझ्याकडं बघायल्या, आता हिला पण वाजवती काय म्हणून. सासूबाई एवढंच म्हणाल्या की देवाला उठवायची घंटा माणसाला निजवायला वापरायची रीत त्यांनी आजच बघितली. आणि हाताची घडी घालून बसल्या.

मग मी खोलीचं सगळं नीट मांडलं. लेकरं कुठं राहतील, कोण शिजवंल, शाळा कशी बुडणार नाही. शेवटी म्हटलं, ज्यांना पटलं त्यांनी हात वर करा. आत्या, सगळे हात वर! बायनाबाईंचा, पार्वतीबाईचा, सासूबाईंचासुद्धा. मला वाटलं, जिंकले. घरी येऊन शिरा केला.

दुसऱ्या दिवशी नळावर पार्वतीबाई भेटली. सहज म्हणाली, मुकादमाला सांगितलंय, दोन्ही लेकरं संगं येणार म्हणून. मी विचारलं, अगं मग काल हात कशाला वर केलास? तर म्हणाली, तुमी करा म्हणलाव, आमी केला. तुमचं आधीच ठरलं होतं की. मग आमाला कामून बोलावलं व्हतं? रागानं नाही म्हणाली. घागर उचलता उचलता म्हणाली, आणि तेच जास्त लागलं.

खरं सांगू? ती बरोबर बोलली. मी विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. मला निकिताचं एवढं मनात बसलंय की तिच्या आईच्या मनात काय आहे तेच ऐकायचं राहून गेलं. पहिल्या बैठकीत सगळ्या बोलत होत्या आणि कुणी ऐकत नव्हतं. दुसरीत सगळ्या ऐकत होत्या आणि कुणी बोलत नव्हतं. मधलं काही असतं की नाही?

घंटा परत देवघरात ठेवली. सासूबाईंनी ती आधी धुतली आणि मग देवापुढं ठेवली, मला दिसेल अशी.

पत्राचं उत्तर लवकर दे. दिवाळी जवळ आली आणि टोळ्या निघायची बोलणी सुरू झालीत. राग गेला की लोभ मागेन. तोवर तुझ्याकडचा जपून ठेव.

तुझी,
वैष्णवी

०

पाथरी,
६ ऑक्टोबर

चि. सौ. वैष्णवीस,
अनेक आशीर्वाद. रागावलेल्या भाचीला थोडे जास्तच.

देवघरातली घंटा मी सांगितली नव्हती. तरी तुझे मामा म्हणतात की चूक माझीच आहे, कारण मी तुला बसची अर्धीच गोष्ट सांगितली. माणूस कधी कधी बरोबर बोलतो. तर उरलेली अर्धी ऐक.

एका दुपारी गाडी निम्मी रिकामी होती. एक म्हातारी चढली. मी विचारलं, कुठं जायचं? काही बोलेना. पुन्हा विचारलं, आवाज चढवून. मग अजून चढवून. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. तेव्हा मी तिकिटाचं मशीन मांडीवर ठेवलं आणि तिच्या शेजारी नुसती बसले. काही विचारलं नाही. एक थांबा गेला, दुसरा गेला. मग आपणहून म्हणाली, लेकीकडं जायचंय गं, तिचं बाळंतपण अडलंय, निरोप आला आणि निघाले, आता भ्यानं गावाचं नावच आठवंना. आम्ही दोघींनी मिळून ते नाव शोधून काढलं. मी ओरडत राहिले असते तर ते तिला रात्रीपर्यंत सापडलं नसतं.

वैष्णवी, दार लावताना आवाज लागतो आणि म्हातारीपाशी गप्प बसावं लागतं. गाडी तीच, कंडक्टर तीच. कधी कोणती व्हायचं हे कुठल्या शिकवणीत सांगत नाहीत, समोरच्या माणसाकडं बघूनच कळतं. तू दोन्ही वेळा स्वतःकडंच बघत होतीस. आधी मी किती मऊ, मग मी किती कडक. आता जरा कोपऱ्याकडं बघ. तुझ्या पहिल्या पत्रात कोपऱ्यात एक बाई मान खाली घालून बसली होती. दुसऱ्या पत्रात तिनं नुसता हात वर केला. लेकरं जिच्या गळ्यात पडायचीत ती तीच ना? तिचा आवाज मला अजून ऐकू आला नाही.

आणि तुझं मन जिकडं झुकलंय ते लपवू नकोस, बायकांना कळतंच. एकदा सांगून टाक आणि बाजूला ठेव.

सासूबाईंचं काय करायचं ते मला खरंच माहीत नाही. बसमधून उतरल्यावर प्रवासी माझ्या घरी येत नव्हते.

आमची आठवण अशीच राहू दे, पण शिरा केलास की जास्त काढ.

तुझी आत्या,
विजयमाला

०

राणीसावरगाव,
१४ ऑक्टोबर

ती. आत्यास,
वैष्णवीचा सा. न. वि. वि.

हे पत्र मी शेतात बांधावर बसून लिहितेय. सोयाबीनची काढणी चालू आहे. घरात लिहायची सोय नाही, कारण घरात इतकी शांतता आहे की पेनाचा आवाजसुद्धा होतो. का, ते सांगते.

काल तिसरी बैठक झाली. खुर्ची नाही, घंटा नाही. सगळ्यांसारखी सतरंजीवर बसले. आधीच सांगून टाकलं की, बायांनो, निकितानं शाळेत राहावं असं मला वाटतं. मनातलं सांगितलं, आता ते बाजूला ठेवते. लेकरं तुमची आहेत, ठरवायचं तुम्ही. मागच्या वेळी मी तुमचे हात मोजले, तुम्हाला विचारलं नाही. आज विचारते. आणि वळून म्हटलं, बायनाबाई, तुम्हाला काय वाटतं?

बायनाबाईंनी मान वर केली. ओठ हलले. आणि सासूबाई म्हणाल्या, तिला काय वाटायचंय, सांभाळंल की ती, मी सांगते ना…

आत्या, बायनाबाईंची मान परत खाली जायला लागलेली मला दिसली. मी म्हटलं, आई, जरा थांबा. तुमचं आम्ही ऐकलंय. आता बायनाबाईंचं ऐकू.

हळूच म्हटलं. आवाज चढवला नाही. तरी सगळ्या गल्लीला ऐकू गेल्यासारखं वाटलं. सासूबाई माझ्याकडं बघत राहिल्या. मग उठल्या, पदर सावरला, चपला घातल्या आणि बाहेर गेल्या. सगळ्या माझ्याकडं बघायल्या, ही आता मागं धावती का बसती. माझ्यातली सून उठायला निघाली होती, खरं सांगते. पाय आखडून घेतले होते मी. पण उठले असते तर बायनाबाई पुन्हा कधी बोलल्या नसत्या. बसून राहिले. आणि काही बोलले नाही. तुझ्या त्या म्हातारीला आठवत बसले. केवढा वेळ गेला गं. कुणी खोकलं, कुणी बांगड्या मागं सारल्या. दोनदा माझ्या जिभेवर आलं की बरं जाऊ द्या, पुढं जाऊ. गिळलं.

आणि मग बायनाबाई बोलल्या. म्हणाल्या, मला आजवर कुणी इचारलंच न्हाई. सून म्हणती म्हातारी सांभाळंल, तुमच्या सासू चतुराबाई म्हणत्यात बायना सांभाळंल, आन् मी मान हालवती. दिवेलागण झाली की मला दिसत न्हाई. गेल्या साली धाकट्याला ताप भरला, तवा निकितानं शाळा सोडून त्याला बघितलं, आन् मला बी बघितलं. लोक म्हणायचे म्हातारी लेकरं सांभाळायलीय. लेकरंच मला सांभाळायली व्हती.

पार्वतीबाईला हे माहीतच नव्हतं. फोनवर दोघी आजी-नात, सगळं बरं हाय, एवढंच सांगायच्या. मग ती सासूजवळ सरकून बसली आणि म्हणाली, माझ्या जिवाला बी फडावर नेणं गोड वाटत न्हाई, पर घरी एकट्या म्हातारीवर टाकायचं तर कसं? आणि इथून पुढं मला फारसं काही करावं लागलं नाही. एक म्हणाली, मी सकाळचा स्वयंपाक बघते. दुसरी म्हणाली, माझी आई बी एकटीच असती, सगळ्या आज्ज्या तिथंच राहू द्या, लेकरांना आज्ज्या आणि आज्ज्यांना लेकरं. वाद झाले, चांगले कडाडून झाले. दोघी एकदम बोलल्या की मी एकीला थांबवलं, कुणी गप्प पडली की वाट बघितली. शेवटी पार्वतीबाई म्हणाली, आधी खोली बघंन. कडी लागती का, पाणी हाय का. पटलं तर ठेवीन. मला हा अर्धा होकार त्या सगळ्या वर गेलेल्या हातांपेक्षा मोठा वाटला.

पण खोलीत माझे चुलत सासरे भुजंगकाका सोयाबीनची पोती लावायलेत, आणि ते हलायला तयार नाहीत.

आणि घरी सासूबाई बोलत नाहीत. रागावून बोलल्या असत्या तर चाललं असतं. बिलकूल बोलत नाहीत! वाढतात, झाडतात, म्हशीला पेंड घालतात, सगळं मुक्यानं. महारुद्र घाबरलेत. म्हशीनंसुद्धा दूध कमी दिलंय, तिला शिव्या ऐकायची सवय. मी माफी मागू का? मागितली तर थांबवलं ते चूक होतं असं होईल. नाही मागितली तर मी कसली सून?

तुझा लोभ तर आहेच, या वेळी थोडी अक्कलही पाठव.

तुझी,
वैष्णवी

०

पाथरी,
१९ ऑक्टोबर

चि. सौ. वैष्णवीस,
आशीर्वाद, आणि एक शाबासकी वेगळी.

घाईत लिहितेय, तुझे मामा पोस्टात निघालेत. थांबवल्याची माफी मागू नकोस. वाईट वाटलं हे मात्र सांग, कारण ते खरं आहे. आणि हे बघ, तुझ्या सासूबाईंची जीभ काही गावावर आलेलं संकट नाही. ती चुकीच्या वेळी चालते एवढंच. जिथं गोड बोलून कुणाचं चालत नाही आणि तुला कुणाची बाजू घेता येत नाही, अशी जागा शोध आणि तिथं त्यांना बोलायला सांग. थांबवायला तू शिकलीस. आता बोलवायलाही शीक.

बाकी भेटीत. दिवाळीचा चिवडा पाठवतेय, डबा परत आला नाही तरी माया परत येऊ दे.

तुझी आत्या,
विजयमाला

०

राणीसावरगाव,
१४ नोव्हेंबर

सौ. विजयमालाबाई विहीणबाईंना,
चतुराबाईचा रामराम. आमी सगळे बरे हाव, तुमचं कळवा.

मला लिहिता येत न्हाई असं न्हाई, पर चष्मा गवसंना, म्हणून बायनाची नात निकिता लिहायलीय. मी सांगते तेवढंच लिही म्हणून बजावलंय.

तुमची भाची तुमाला पत्रं लिहिती. फोन असून माणूस पत्र लिहायलंय म्हणल्यावर त्यात सासूचं गाऱ्हाणं असणार, एवढं मला कळतं. म्हणलं, तिची बाजू तुमी ऐकली, आता माझी बी ऐका.

तिनं मला भर बैठकीत थांबा म्हणलं. लगीन होऊन ह्या घरात आल्यापासून मला कुणी थांबा म्हणलं नव्हतं. सासऱ्याची बी टाप नव्हती. लय राग आला. उठले, चपला घातल्या, पर घरला गेले न्हाई. भिताडाच्या कडंला उभी ऱ्हायले. म्हणलं, बघू तर खरं, माझ्या बिगर ह्यांची बैठक कशी व्हती ती. आन् बायना बोलली. बायना आन् मी एकाच साली ह्या गावात सून म्हणून आलो. एका आडावर पाणी भरलं, एका वढ्यावर धुणं धुतलं. तिचा आवाज इतका सरळ हाय ही मला त्या दिशी भिताडाच्या आडून कळलं.

घरी येऊन मी गप बसले. आधी रागानं बसले. मग, विहीणबाई, मला त्यात गोडीच वाटायली. आपून गप बसलं की लोक आपणहून येऊन काय काय सांगत्यात! गल्लीतल्या अशा बातम्या कळल्या की इचारू नका. आमचा महारुद्र ताटावर बसला आन् म्हणला, आई, रागावू नको, पर मला भेंडी लहानपणापासून आवडत न्हाई. ह्या पोराला मी कवाधरनं भेंडी वाढायलेय! आवडती म्हणून मुद्दाम जास्त वाढायचे.

मग एका दिशी वैष्णवी माझ्यापाशी येऊन बसली. मी डाळ निवडायले होते, ती बी निवडायली. म्हणली, आई, तुमाला वाईट वाटलं त्याचं मला लय वाईट वाटायलंय. थांबवलं त्याचं वाईट वाटतंय, असं काही म्हणली न्हाई, मी नीट ऐकलं. मग म्हणली, भुजंगकाका खोली देईनात. मला सगळ्यांचं ऐकायचंय, मला त्यांच्यासंगट भांडता येत न्हाई. उद्याच्याला तुमी बोला. पाहिजे तेवढं बोला.

भुजंग म्हणजे माझा चुलत दीर. लगीन होऊन आले तवा चड्डी सावरत फिरायचा. त्याच्यापाशी बोलायला मला काय तयारी लागती? दुसऱ्या दिशी गडीमाणसं बी बैठकीला व्हती. मी सुरू झाले. लेकरांचं सांगितलं, बायनाच्या डोळ्याचं सांगितलं, समाजमंदिर कुणाच्या बापाचं न्हाई ही बी सांगितलं. त्यो मधी बोलायला बघायचा, मी काही बोलू देत न्हाई. तवर वैष्णवी म्हणली, आई, आता जरा काकांचं ऐकू. मी थांबले. खरंच थांबले, विहीणबाई, ही निकिताला बी इचारा. तर भुजंग म्हणला, वहिनी, माझ्या घराचं छप्पर गळतंय, अवकाळी आला तर वर्साची कमाई भिजंल, पोती ठेवू कुठं? आता ही बी खरंच हाय की. आमाला वाटायलं व्हतं, माणूस आडमुठा हाय. मग मीच म्हणलं, आमच्या ओसरीत ठेव. आता ओसरीत पोती हायत, मी पोत्याला टेकून बसती. पाठीला बरं वाटतं.

दिवाळी झाली, टोळ्यांचे ट्रॅक्टर आले. पार्वती जायच्या आधी खोली बघायला आली. भिताडाला हात लावून बघितला. आत जाऊन कडी लावली, काढली, पुन्ना लावली. मोरीत पाणी वतून बघितलं. कुणी काय बोललं न्हाई, वैष्णवीनं आमाला डोळ्यानंच दाबलं व्हतं. मग पार्वती बाहेर आली, ट्रॅक्टरमधून लेकरांचं अंथरूण काढलं आन् आत नेऊन ठेवलं. मी दुसरीकडं बघितलं.

पहिल्या सांजेला स्वयंपाकाची पाळी माझी व्हती. पिठलं-भाकरी केली. सगळी लेकरं जेवली, ही निकिता जेवंना. ताटापुढं बसली आन् ताटाकडंच बघायली. बायना म्हणली, पोरी, खा. न्हाई. एरवी मी हजार गोष्टी सांगितल्या असत्या, आई लवकर यील, रडू न्हाई, अन्नावर राग काढू न्हाई. तोंडापत्तूर आलं व्हतं. पर गप बसले, तिच्या बाजूला. लय जड गेलं. मग हीच म्हणली, आज्जी, तुमी बोलायनात कामून? तुमाला बरं न्हाई का? मी म्हणलं, बरी हाय गं. तू बोल, मी ऐकायलेय.

मग जी सुरू झाली! आईनं जाताना काय सांगितलं, ट्रॅक्टर वळणावर गेला तवा आईनं मागं बघितलं का न्हाई ही तिला धुरळ्यात दिसलंच न्हाई, धाकट्याला आंघोळीचा कंटाळा हाय, गणिताच्या बाई चांगल्या हायत, शाळेत चिडवती ती पोरगी कोण, मोठेपणी हिला काय व्हायचंय. रडली बी मधी. पिठलं पार गार झालं. पर बोलता बोलता दोन भाकरी खाल्ल्या. मला मधी बोलायला जागाच मिळाली न्हाई.

तवा तुमच्या भाचीची फिकीर करू नका. तिचं बरं चाललंय. चुकली तर सांगायला मी हाय. आन् अवंदा पोखर्णीला आलाव की तिथूनच माघारी फिरू नका, हिकडं या. पुढल्या बैठकीला बसा. तुमी बी बोला, मी ऐकंन. पर आधी मी बोलंन.

लोभ हाय तेवढा ठेवा, वाढवायचं आमी बघून घेऊ.

आपली विहीण,
चतुराबाई

ता. क. : मी निकिता लिहिते. हे चतुराबाई आज्जींनी सांगितलेलं नाही. त्या दिवशी त्यांना बोलायला जागाच मिळाली नाही असं त्या सांगतात, पण त्या मध्ये मध्ये बोलत होत्या. पण ऐकत पण होत्या.